छापील किती, डिजिटल किती : खेड्यातल्या वाचनालयाच्या नव्या ग्रंथपालासाठी

विदर्भातल्या एखाद्या मोठ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालाला कार्यकारी मंडळाच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच दोन परस्परविरोधी सूचना ऐकाव्या लागतात. एक सदस्य म्हणतात की आता सगळे मोबाइलवर मिळते, मग आलमाऱ्या भरून काय उपयोग; दुसरे म्हणतात की संगणकावर घातलेला पैसा तीन वर्षांत भंगारात जातो, त्यापेक्षा पुस्तके घ्या. दोघेही संग्रहाचे प्रमाण आधी ठरवू पाहतात आणि वाचकाचा विचार नंतर करतात, म्हणून दोघांच्याही सूचनेवरून खरेदी करता येत नाही. प्रस्तुत लेखात सुचवलेली पद्धत उलटी आहे. एकेक गरज समोर घ्यावी, ती कोणत्या रूपात चांगली भागते ते पाहावे आणि त्यातून जे प्रमाण निघेल ते स्वीकारावे. धारणीला ते एक निघेल, पुसदला दुसरे आणि आरमोरीला तिसरे.

पहिली पायरी : आहे काय आणि मागतात काय

सुरुवात दाखल नोंदवहीपासून, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकाने नोंदवलेल्या वहीपासून करावी. नोंदवहीतील प्रत्येक क्रमांक आणि कपाटातील प्रत्यक्ष पुस्तक यांची पडताळणी केल्याशिवाय नवीन काहीही, छापील असो वा डिजिटल, घेऊ नये. जुन्या वाचनालयांत नोंदवहीवर असलेली पण कपाटात नसलेली पुस्तके निघतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपाटात असूनही कित्येक वर्षांत कोणीही न नेलेली पुस्तके निघतात. देवघेवीच्या नोंदींवरून अशा पुस्तकांची वेगळी यादी करावी. ती पुढे लागणार आहे.

त्याच वेळी एक साधी वही टेबलावर ठेवावी आणि तिच्यात वाचकाने मागितलेले पण आपण देऊ न शकलेले सारे काही लिहीत जावे: पुस्तकाचे नाव, विषय, तारीख, आणि मागणारा विद्यार्थी, शेतकरी, गृहिणी की सेवानिवृत्त, एवढेच. संग्रहाविषयी कार्यकारी मंडळापुढे मांडण्यासारखा याहून भक्कम पुरावा नव्या ग्रंथपालापाशी दुसरा नसतो. मात्र ही वही एखाद्या महिन्यापुरती ठेवून निष्कर्ष काढू नये, कारण आपल्याकडे वाचकांची ये-जा हंगामावर चालते. पश्चिम विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत आणि पूर्वेकडे धान कापणीत वाचनालय ओस पडते. जंगलपट्ट्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या काळात कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर असतात. आणि पोलीस भरतीची किंवा तलाठ्यांच्या जागांची जाहिरात निघाली की अभ्यासिकेत बसायला खुर्ची उरत नाही. निदान एक खरीप आणि एक रब्बी हंगाम पाहून मगच त्या वहीवर विश्वास ठेवावा.

दुसरी पायरी : वीज, जाळे आणि ऊन

डिजिटल संग्रहाची चर्चा करण्यापूर्वी आपल्या इमारतीत दुपारी बारा ते चार या वेळेत वीज किती टिकते, मोबाइलचे जाळे खोलीच्या कोणत्या कोपऱ्यात येते आणि ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेतील इंटरनेट जोडणी आली असल्यास ती प्रत्यक्ष चालते का, हे आठवडाभर लिहून ठेवावे. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली बंद कपाटात ठेवलेला टॅब, इन्व्हर्टरची बॅटरी आणि हार्ड डिस्क यांचे आयुष्य अशा उष्णतेत कमी होते. पावसाळ्यात गोंदिया-गडचिरोलीकडे दमटपणामुळे हाच त्रास कागदाला होतो. बुरशी, कसर आणि वाळवी येते. कोणतेही एक रूप सुरक्षित आणि दुसरे धोक्याचे, असे मानायला येथे जागा नाही. उपकरणे उन्हापासून आणि पुस्तके ओलीपासून दूर, भिंतीला न टेकवता ठेवावीत, एवढे पाहिले तरी पुरे.

तिसरी पायरी : गरजेनुसार रूप निवडणे

हीच खरी मुख्य पायरी आहे, म्हणून ती घाईने उरकू नये. कोणत्याही विषयाची खरेदी करताना चार प्रश्न विचारावेत. मजकूर किती लवकर जुना होतो? तो सलग तासन्‌तास वाचायचा आहे की गरजेपुरता उघडून पाहायचा आहे? एकाच वेळी किती जणांना तो लागतो? आणि वाचक तो कुठे वाचणार आहे, वाचनालयात, घरी की शेतावर?

स्पर्धा परीक्षेचे उदाहरण घेऊ, कारण ग्रामीण वाचनालयातील निम्मा वाद याच विषयावरून होतो. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम, जाहिराती आणि चालू घडामोडी लवकर बदलतात. प्रश्नपत्रिका आणि जाहिराती लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि विद्यार्थी त्या दहा-पंधरा मिनिटे पाहून बाजूला ठेवतो. या सामग्रीवर छापील पुस्तकांचा पैसा घालवणे योग्य नाही. चालू घडामोडींचे गेल्या वर्षीचे पुस्तक यंदा कोणी हातात घेत नाही. याउलट राज्यघटना, महाराष्ट्राचा भूगोल, आधुनिक भारताचा इतिहास, मराठी व्याकरण आणि अंकगणित यांची मूलभूत पुस्तके विद्यार्थी महिनोन्‌महिने समोर ठेवून बसतो, त्यातून टिपणे काढतो आणि पुन्हा पुन्हा मागे-पुढे उलटतो. ती छापीलच घ्यावीत, आणि दहा वेगवेगळ्या लेखकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा दोन चांगल्या पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्याव्यात. अभ्यासिकेतील मुलाच्या हातात फोन दिला की तो अभ्यासाच्या फाइलवरून दुसरीकडे कधी वळतो हे त्यालाही कळत नाही, हे प्रत्येक ग्रंथपाल रोज पाहतो.

शेतीविषयक वाचनाचा स्वभाव वेगळा आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे किंवा सोयाबीनवरील रोगाचे व्यवस्थापन, वाणांच्या शिफारशी आणि फवारणीची मात्रा यांत बदल होत राहतो, आणि पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील कीटकनाशकावर आज बंदीही असू शकते. अशा वेळी जुने पुस्तक कपाटात ठेवणे निरुपयोगी आहेच, शिवाय ते धोक्याचेही आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांची चालू हंगामातील पत्रके डिजिटल स्वरूपात मिळवून, त्यांतील आवश्यक पान मोठ्या अक्षरांत छापून फलकावर लावावे. मजकूर डिजिटल आला आणि कागदावर वाचला गेला, तरी त्यात काही विसंगती नाही. मृदाशास्त्र, सेंद्रिय शेती, पशुपालन यांवरील जी पुस्तके सहसा जुनी होत नाहीत ती मात्र छापील ठेवावीत.

लहान मुलांसाठी छापील पुस्तकेच घ्यावीत, याबाबत माझे मत ठाम आहे. चित्रांची, मोठ्या अक्षरांची, मुलाला घरी नेता येतील आणि थोडी फाटली तरी चालतील अशी पुस्तके जितकी जास्त तितके चांगले. कथा, कादंबरी, चरित्र, आत्मचरित्र यांबाबतही छापील प्रतीला पर्याय शोधण्याची गरज नाही. हा वाचक पुस्तक घरी नेतो, आणि एकच प्रत आठ-दहा घरांतून फिरते. वृत्तपत्रे छापीलच लागतात, कारण सकाळी येणारे ज्येष्ठ वाचक त्यासाठीच येतात. पण जुन्या अंकांचे गठ्ठे वर्षानुवर्षे साठवण्याऐवजी आपल्या तालुक्याविषयीच्या बातम्यांची कात्रणे काढून ती डिजिटल करून ठेवावीत.

दृष्टिबाधित वाचक गावात असतील, तर त्यांच्यासाठी डिजिटल रूप अपरिहार्य आहे. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात त्यांना वाचता किंवा ऐकता येतील अशा स्वरूपातील पुस्तके मिळतात. नाव नोंदवण्यासाठी अशा वाचकाला मदत करणे हे ग्रंथपालाचे काम समजावे.

चौथी पायरी : विनामूल्य आणि अधिकृत साधने आधी

पैसे देऊन काही घेण्याआधी जे मोफत आणि कायदेशीरपणे उपलब्ध आहे ते वाचकांपर्यंत पोहोचते का, ते पाहावे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड संकेतस्थळावर खुले आहेत. छापील संच जागा अडवतो आणि जुना होतो, म्हणून नव्याने तो विकत घेण्याचे कारण नाही, परंतु असलेला संच काढूनही टाकू नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने विनामूल्य उतरवून (डाउनलोड करून) घेण्यासाठी ठेवली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके तशीच मिळतात, आणि जिल्ह्यांच्या दर्शनिका म्हणजे गॅझेटियर वाचनालयातील स्थानिक इतिहासाच्या प्रश्नांना फार उपयोगी पडतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले आणि २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखवावे. जवळच्या महाविद्यालयाकडे एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य योजनेचे सदस्यत्व असेल, तर तिथल्या विद्यार्थ्यांना त्यातील नियतकालिके आणि ई-पुस्तके आपल्या महाविद्यालयामार्फत मिळू शकतात, ही माहिती पुष्कळदा त्यांनाच नसते.

जाळे कमकुवत असलेल्या गावांत हे सारे ऑनलाइन ठेवून भागत नाही. तेथे किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. मराठी विकिपीडियासारखा संपूर्ण मजकूर एकदा शहरात उतरवून घेऊन तो इंटरनेटशिवाय वाचनालयातील संगणकावर उघडता येतो, आणि एका लहान राउटरवरून खोलीतील सर्व फोनांवरही देता येतो. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके त्याच संगणकावर विषयवार फोल्डरांमध्ये ठेवली, तर जाळे नसलेल्या दिवशीही वाचनालय चालू राहते. हे काम एका चांगल्या जोडणीच्या ठिकाणी एक दिवस बसून होते.

पाचवी पायरी : कायदा समजून घेणे

पीडीएफ मिळाली म्हणजे ती वाचनालयात ठेवता येते, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. समाजमाध्यमांच्या गटांतून फिरणाऱ्या नव्या मराठी कादंबऱ्यांच्या पीडीएफ अनधिकृत असतात. त्या संगणकावर साठवून सभासदांना देणारे वाचनालय लेखक आणि प्रकाशक या दोघांचे नुकसान करते, आणि कायद्याने अडचणीतही येऊ शकते.

प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे लेखकाने जिवंतपणी प्रसिद्ध केलेल्या लेखनावर त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क चालू राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन १९५६ साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील मुदत २०१६ अखेर संपली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ साली झाले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. आपल्या भागात घरोघरी ते वाचले जाते, तरी हक्क संपलेला नाही हे लक्षात ठेवावे. जुन्या ग्रंथाला अलीकडच्या संपादकाने जोडलेली प्रस्तावना, टिपा किंवा नवा अनुवाद यांचा हक्क वेगळा असतो, तोही पाहावा.

वाचनालयांना कायद्याने दिलेल्या दोन सवलती नव्या ग्रंथपालाने पाठच कराव्यात. कलम ५२ नुसार, नफ्यासाठी न चालवलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे आधीपासून छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. ही सोय २०१२ च्या दुरुस्तीने आली. तसेच भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरापुरत्या जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. जतनाची प्रत म्हणजे गावभर वाटण्याची प्रत नव्हे. ती कोणत्या संगणकावर आहे आणि कोणाला उघडता येते, याची नोंद ठेवावी. विकत घेतलेल्या ई-पुस्तकांचेही तसेच आहे. व्यक्तीच्या नावाने घेतलेले ई-पुस्तक बहुधा त्या खात्यापुरतेच असते आणि वाचनालयाने ते उसने देण्याची परवानगी त्यात नसते. संस्थेसाठीची परवान्याची अट लेखी मागावी, आणि वर्गणी बंद केल्यावर सामग्री आपल्याकडे राहते की जाते, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

सहावी पायरी : पैशांचा हिशेब

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्या वर्गानुसार येते. वार्षिक तपासणीत दाखल नोंदवही, देयके आणि ग्रंथखरेदी पाहिली जाते, म्हणून ग्रंथांसाठीच्या अनुदानातून टॅब, वर्गणी किंवा स्कॅनर घेण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा घ्यावा. तोंडी परवानगीवर खर्च करू नये. पुस्तकांच्या मदतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत येतात. त्यांतून मिळणाऱ्या पुस्तकांची यादी आधी पाहून आपल्याकडे नसलेली शीर्षके मागावीत, अन्यथा आधीच न हलणाऱ्या पुस्तकांची दुसरी प्रत येऊन पडते.

तुलना करताना केवळ खरेदीची किंमत पाहू नये. समजा एक टॅब १२,००० रुपयांचा घेतला आणि तो चार वर्षे चालला, तर वर्षाला ३,००० रुपये पडतात. महिना ५०० रुपयांची जोडणी धरली तर वर्षाचे ६,००० रुपये होतात, आणि दुरुस्तीसाठी १,००० धरले की एकूण १०,००० रुपये. सरासरी ३०० रुपयांच्या हिशेबाने तेवढ्यात ३३ छापील पुस्तके येतात. आता प्रश्न असा विचारायचा की या टॅबवर वर्षभरात होणारे वाचन त्या ३३ पुस्तकांच्या वाचनाहून अधिक आहे का, आणि ते अन्यथा होऊ न शकणारे वाचन आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असले आणि दुसऱ्याचे होय असले, तरीही खरेदी योग्य ठरू शकते. आयोगाचा अर्ज भरणाऱ्या मुलीसाठी गावात दुसरी जागाच नसेल, तर तो टॅब महाग नाही. कागदाच्या बाजूलाही बांधणी, कपाट आणि जागा यांचा खर्च धरावा, नाहीतर हिशेब एकतर्फी होतो.

सातवी पायरी : दोन्हींची एकच यादी

छापील पुस्तकांची नोंदवही वेगळी आणि संगणकातील फाइलींची यादी वेगळी ठेवली की थोड्याच दिवसांत दुसरी यादी कोणी उघडत नाही. दोन्हींसाठी एकच तालिका ठेवावी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय किंवा कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी वापरता येते. ते जमेपर्यंत साध्या तक्त्यातही काम होते. प्रत्येक नोंदीत विषयाचा दशांश वर्गांक (दशांश वर्गीकरण पद्धतीतील विषयक्रमांक), लेखक, वर्ष आणि शेवटी ‘कुठे आहे’ असा रकाना असावा, ज्यात कपाट क्रमांक किंवा फाइलचा मार्ग लिहावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा; जुन्या फाँटमधील याद्या दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाहीत आणि त्यांत शोधही लागत नाही. कपाटाच्या कडेला त्या विषयाच्या डिजिटल सामग्रीचा क्यूआर कोड चिकटवला, तर पुस्तक शोधायला आलेला वाचक तिथेच दुसऱ्या साधनापर्यंत पोहोचतो.

आठवी पायरी : जे दुसरीकडे नाही ते आधी डिजिटल करा

वाचनालयात स्कॅनर आला की प्रथम लोकप्रिय पुस्तके स्कॅन करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ती पुस्तके शंभर ठिकाणी आहेत. आपल्या गावाखेरीज कुठेही नसलेली सामग्री पहिली घ्यावी: शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गावच्या सहकारी संस्थेचे जुने अहवाल, जुनी छायाचित्रे, स्थानिक कवींची स्वतः छापलेली पुस्तके, एखाद्या घरात कापडात बांधून ठेवलेली पोथी. पूर्वेकडील भागात झाडीपट्टी नाटकांची हस्तपत्रके आणि संहिता यांना मोठे मोल आहे. धान निघाल्यावर गावोगावी होणाऱ्या या नाटकांचे कागद प्रयोग संपला की फेकले जातात; गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरातील नाट्यमंडळ्यांकडे आपण मागितले तर ते मिळतात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे केंद्र असल्याने त्या परिसरात सकळ लिपीतील, म्हणजे त्या पंथाच्या सांकेतिक लिपीतील हस्तलिखितेही सापडू शकतात. अशा पोथ्या स्वतः हाताळू नयेत. मालकाची संमती घेऊन जाणकाराला बोलवावे. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या वृद्धांच्या गोष्टी व गाणी फोनवर ध्वनिमुद्रित करता येतात. सांगणाऱ्याचे नाव जाहीर करायचे की नाही, ध्वनिमुद्रण कोणी ऐकावे आणि ते पुढे कोणाला द्यावे, याची संमती त्यांच्याच भाषेत बोलून घ्यावी आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच नोंदवावी.

स्कॅन निदान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करावा. जीर्ण पुस्तक स्कॅनरवर दाबू नये, वरून छायाचित्र घ्यावे. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि विषय असावा. मूळ कागद स्कॅननंतर टाकून देऊ नये. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात: एक वाचनालयाच्या संगणकावर, एक हार्ड डिस्कवर आणि एक इमारतीबाहेर, म्हणजे एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी किंवा ऑनलाइन साठवणीत. सीडीवर ठेवलेले काम सुरक्षित समजू नये.

नववी पायरी : काढून टाकणे आणि तपासत राहणे

पहिल्या पायरीवर केलेली न हलणाऱ्या पुस्तकांची यादी आता काढावी. कालबाह्य कायदे, जुने अभ्यासक्रम, बंदी आलेल्या औषधांची शेतीपुस्तके आणि दुरुस्तीपलीकडे फाटलेल्या प्रती यांचे निर्लेखन, म्हणजे संग्रहातून रीतसर कमी करणे, कार्यकारी मंडळाच्या ठरावाने, नियमानुसार आणि नोंदवहीत शेरा लिहून करावे. एखादे पुस्तक कोणी नेत नाही पण ते दुर्मिळ किंवा स्थानिक असेल, तर ते काढू नये. डिजिटल बाजूलाही अशीच छाटणी लागते: कोणी न उघडलेली वर्गणी बंद करावी, एकाच पुस्तकाच्या चार फाइली असतील तर चांगली एक ठेवावी.

दरवर्षी मार्चअखेरचा हिशेब बंद करण्यापूर्वी देवघेवीचे आकडे, संगणकावरील वापर आणि न मिळालेल्या मागण्यांची वही एकत्र समोर ठेवावी. वहीतील ज्या मागण्या दोन वर्षे सतत आल्या त्यांची छापील खरेदी पुढील यादीत वर घ्यावी. ज्या एकदाच आल्या त्या डिजिटल साधनातून भागवाव्यात. हार्ड डिस्कवरील निवडक फाइली त्याच दिवशी उघडून पाहाव्यात, आणि जी उघडली नाही तिची दुसरी प्रत लगेच काढावी.